मराठीतलं बंद

उणकलला शेजारच्या गच्चीवर अण्णा रोज संध्याकाळी रेडिओ-लहरी पकडणारा स्कॅनर कानाशी धरून उभे असायचे. एका जुन्या उपग्रहाची चिरचिर ऐकू आली, की घरचं माणूस आल्यासारखं कन्नडमधून ओरडायचे, "बंद!" म्हणजे आला. एरवी बोलणं तुटक.

परवाही "बंद" ऐकू आलं. मी विचारलं, "आला का, अण्णा?"

"नाही हो. आज मराठीतलं बंद. खाली येता येता जळाला तो."

ते खाली उतरले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी नळाखाली बसले. कुणी गेल्याचं कळल्यावर करतात, तशी डोक्यावरून अंघोळ केली.

गेल्या महिन्यात अण्णांना त्यांचा सख्खा भाऊ गेल्याचा फोन आला, तेव्हा नुसतं "बरं" म्हणून ते गच्चीवर गेले होते.