सखारामचं झाड

चिखलीहून येणाऱ्या सकाळच्या एसटीच्या कंडक्टरनं शाळेच्या फाटकाशी मला हाक मारली आणि खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून दिला. अक्षर वडिलांचं होतं. ‘यमुना काल दुपारी गेली. वांग्याच्या वाफ्यात बसल्या बसल्या. निघून ये.’ मी बुलढाण्याला मास्तरीण आहे. सातवीच्या पोरींना वर्गात सोडून तशीच निघाले. साखरखेर्ड्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं आणि अंगणात बाया बसल्या होत्या. पुढचे तेरा दिवस त्या अंगणात एकच शब्द ऐकला. बिचारी. सोळाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, बिचारी. ना पोर ना बाळ, बिचारी. जन्म भावाच्या दारात काढला, बिचारी... मी तेव्हा गप्प राहिले, घरात दुखवटा होता म्हणून. आता दीड महिना झाला आहे आणि गप्प राहण्याचं काही कारण उरलेलं नाही. माझी यमुनाआत्या बिचारी नव्हती. ती काय होती ते सांगायला मला तिच्या आयुष्यातला एक दिवस पुरेल.

पण त्याआधी माझ्या आजोबांबद्दल सांगावं लागेल. सखाराम त्यांचं नाव. तरुणपणी एका कोरड्या वर्षी गावात काम नव्हतं, तेव्हा ते सातपुड्यात लाकूडकटाईला गेले आणि तीन-चार हिवाळे तिकडेच राहिले. परत आले ते एका झाडाची गोष्ट घेऊन. दोन ओढे मिळतात तिथे एक कहू आहे, आपण पुस्तकात अर्जुन म्हणतो तो. सात माणसांनी हाताला हात लावून वेढा घातला तर त्याची कव भरते, असं ते सांगत. आमच्याकडे बाभळी आणि कडुनिंब. दोन माणसांच्या कवेत न मावणारं खोड कुणी पाहिलेलं नाही. लोक हसले. हळूहळू गावात म्हणच पडली. कुणी मोठी थाप मारली की समोरचा म्हणायचा, “सखारामचं झाड!” आणि सगळा पार हसायचा. मला शाळेत पोरं झाडवाली म्हणायची. आजोबा सुरुवातीला लोकांबरोबर हसत. मग त्यांनी त्या झाडाचं नाव काढणं सोडलं, आणि शेवटी तर कुठलीच गोष्ट सांगणं सोडलं. शेवटच्या दुखण्यात एकदा त्यांनी आत्याचा हात धरला. मी पायाशी बसले होते.

“यमे, म्या खोटं नाही सांगतलं वो.”

“मले माहीत हाये, बाबा.”

“तुले कसं माहीत? तू कुठं पाह्यलं?”

आजोबा तोंड भिंतीकडे करून पडून राहिले... त्यानंतर आठच दिवसांत ते गेले. बापावरचा विश्वास बापालाच पुरला नाही, हे तिला आत कुठेतरी लागलं असावं. तिनं कधी बोलून दाखवलं नाही. ती तशी बोलकी होती, बाजारात तिचा आवाज वेशीपर्यंत जायचा, पण दुखलेलं बोलायची नाही.

दोन वर्षं गेली. महाराष्ट्र नवानवाच होता, रोज पारावर कुठल्यातरी नव्या रस्त्याची, नव्या धरणाची बातमी यायची. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात आत्या डोक्यावर मेथीची पाटी घेऊन पारावरून जात होती आणि मी तिच्या मागे होते. कुणीतरी म्हणालं, आता गावोगाव वीज येणार. त्यावर नाना म्हणाले, “सखारामचं झाड!” नाना म्हणजे गावातलं वजनदार माणूस, ग्रामपंचायतीत त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. सगळे हसले. आत्यानं पाटी खाली ठेवली. बाईमाणसानं, त्यातून विधवेनं, पारासमोर असं थांबायचं नसतं. ती थांबली.

“नाना, सक्रांतीच्या नंतरच्या सोमवारी मी ते झाड पाहाले जाऊन राह्यली. गाडी करून. तुमच्या मंडळीले संगं पाठवा, म्हंजे साक्ष होईन.”

“कोन येईन वो तुह्या संगं?” नाना म्हणाले.

“ते मी पाह्यतो. तुमी बायको पाठवता का नाही ते सांगा.”

चारचौघांत विचारल्यावर नानांना नाही म्हणता येईना.

घरी वडील भडकले. संक्रांत ते रथसप्तमी म्हणजे हळदीकुंकवाचे दिवस, सवाष्णींचे. त्या दिवसांत विधवा बाई बायांची गाडी भरून जंगलात नेणार, लोक काय म्हणतील? “काऊन हा हट्ट? बाबा गेले, गोष्ट संपली.” आत्या चुलीपुढे भाकरी थापत होती. ती म्हणाली, “दादा, रोज पारावर बाबाले मारून राह्यले लोकं. तुले ऐकू येत नसन, मले येते.” वडील उठून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी आत्या एकटी मेहकरला जाऊन भाजीच्या साठवलेल्या पैशांतून एसटीची खास गाडी ठरवून आली. मग ती घरोघर हिंडली. जिथे तिला हळदीकुंकवाला कुणी बोलवत नव्हतं त्या दारांत उभी राहून तिनंच आमंत्रण दिलं. एका म्हातारीनं तोंडावर सांगितलं की तुझ्यासारखीनं पुढे होऊन गाडी नेणं म्हणजे अपशकुन. आत्या म्हणाली, “मी डायवरच्या मागच्या सीटवर बसतो. अपशकुन लागलाच तं पह्यले मले लागन. तू मागं बस.” ती म्हातारी आली, आणि खरंच सगळ्यांत मागे बसली.

सोमवारी पहाटे वेशीत गाडी उभी राहिली तेव्हा अकराच बाया होत्या. ड्रायव्हर रहीमभाई हात चोळत म्हणाले, “बाई, इतन्याच?” आत्या म्हणाली, “थांबा थोडं.” मग अंधारातून एकेक कंदील येऊ लागला. कुणी लेकरू कडेवर घेतलेलं, कुणी भाकरीचं फडकं काखेत मारलेलं. नानांच्या मंडळी द्वारकाबाई लुगड्यावर शाल पांघरून आल्या, शेतात आत्यासोबत निंदणखुरपण करणारी बौद्धवाड्यातली कौसाबाई आली. गाडी हलली तेव्हा आम्ही एकोणतीस होतो. अर्ध्याहून जास्त बायांनी माहेर आणि सासर सोडून तिसरं गाव पाहिलं नव्हतं. चिखली गेली, खामगावला उजाडलं, कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली दिसली. पूर्णा ओलांडली तेव्हा सगळ्यांनी खिडकीतून हात जोडले. मग समोर निळी रेघ दिसली आणि कौसाबाई ओरडली, “ढग आले वो!” रहीमभाई हसून म्हणाले, “ढग नाही बाई, सातपुडा हाये तो.” गाडीत कुणीतरी ओव्या म्हणत होतं ते थांबलं. रेघ मोठी होत गेली, हिरवी झाली, आणि मग आम्ही तिच्या आत शिरलो.

आजोबांनी सांगितलेल्या वाटेनं गेलो, आणि जंगलखात्याच्या नाक्यावर रस्ता संपला. गार्ड म्हणाला, परवाना दाखवा. परवाना लागतो हेच कुणाला माहीत नव्हतं. तो माणूस वाईट नव्हता, त्याला हुकूम होता. द्वारकाबाई म्हणाल्या, चला, एवढं पाह्यलं तेच पुष्कळ. आत्या गार्डपुढे जमिनीवर बसली. “मी आत जात नाही,” ती म्हणाली, “फकस्त सांगतो ते ऐकून घ्या. दोन ओढे मिळतात. मिळतात तठी बसल्या म्हशीवानी एक काळा दगड हाये. दगडाच्या अलीकडे कहू हाये. पांढरा, साल निघालेला. हाये का नाही, एवढं सांगा.” गार्ड तिच्याकडे बघत राहिला. “तुमी कधी आलत्या इथं?” आत्या म्हणाली, “मी नाही आली. माहा बाप आलता.” त्या माणसानं कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि म्हणाला, “कोनी पानालेबी हात लावाचा नाही. चला.”

कोसभर चालणं होतं. साग, ऐन, हळदू... वर पाहिलं की पदर डोक्यावरून घसरायचा आणि तो सावरायचं कुणाला सुचत नव्हतं. उन्हाचे ठिपके पडत होते. मागे बसलेली ती म्हातारी दर झाडाला थांबून विचारायची, हेच का? गार्ड म्हणायचा, नाही आजी, हे लेकरू हाये. मग पाण्याचा आवाज आला, दोन बाजूंनी. दगड दिसला, खरंच बसलेल्या म्हशीसारखा. आणि त्याच्या अलीकडे ते झाड उभं होतं. मी त्याचं वर्णन करणार नाही. गावाच्या वेशीचं दार त्याच्या बुंध्यात मावलं असतं, एवढंच लिहिते. आत्या पुढे गेली, दोन्ही तळहात त्या गार पांढऱ्या सालीवर ठेवले आणि तशीच उभी राहिली. तिची पाठ आमच्याकडे होती.

मग ती वळली आणि म्हणाली, “मोजा.”

बाया बुंध्याला चिकटून उभ्या राहू लागल्या, हाताला हात लावत. द्वारकाबाईंच्या शेजारी कौसाबाई आली. द्वारकाबाईंनी हात लांब केला पण बोटं आखडून घेतली. दोघींच्या मधे वीतभर फट राहिली. आत्यानं ती पाहिली. “बाई, हात धराचा नसन तं बाजूले सरा, दुसरी उभी राहीन. फट ठेवून माह्या बापाचं झाड मोजाचं नाही.” द्वारकाबाईंचा चेहरा लाल झाला. कौसाबाई मान ताठ करून समोर सालीकडे पाहत होती, तिनं आपला हात मागे घेतला नव्हता. क्षणभर वाटलं, इथेच सगळं मोडतं... मग द्वारकाबाईंनी तो हात धरला. घट्ट धरला, कारण सैल धरला असता तर कव भरली नसती. मी बाहेरून फिरत मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सहाव्या बाईचा हात पहिलीच्या हाताला लागला. मी पुन्हा फिरले. सहाच.

सात नव्हत्या.

आत्या खाली मुळांवर बसली. मला वाटलं ती रडेल. द्वारकाबाई तिच्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “यमू, सातच सांगू ना आपन. कोन येते इथं मोजाले? मी साक्ष देतो.” हे त्या मनापासून म्हणाल्या, मी त्यांचा चेहरा पाहिला आहे. आत्यानं मान हलवली. “नाही. आज सात सांगतलं तं उद्या बाबा खरोखरचे खोटे होतीन.” मग तिनं वर, त्या फांद्यांकडे पाहिलं, आणि हसली. “एकानं चुकले बाबा. एकानं!” म्हणाली. आम्ही तिथेच फडकी सोडली, भाकरी आणि तिळाचे लाडू खाल्ले. आत्यानं प्रत्येकीच्या हातावर स्वतः लाडू ठेवला. संक्रांतीचा तीळ विधवेच्या हातचा. एकीनंही हात मागे घेतला नाही.

दिवेलागणीला गाडी वेशीत शिरली. पारावर सगळे पुरुष जमले होते, वडीलही एका कडेला उभे होते. आत्या खाली उतरायच्या आत नानांनी विचारलं, “का वो, सापडलं का सात कवेचं?”

“सापडलं,” आत्या म्हणाली. “सात कवेचं नाही. सहा कवेचं हाये.”

पार हसला. नाना म्हणाले, “म्हंजे खोटंच!”

“थांबा.” तिनं आवाज चढवला नाही. “माहा बाप एकानं चुकला, ते मी तुमच्यासमोर कबूल करून राह्यली. आता तुमी सांगा. तुमी किती कवेचं झाड पाह्यलं? इतके वर्सं हासले, एक दिवस उठून पाहाले गेले? कोनी गेलं?” तिनं सगळ्या पारावरून नजर फिरवली. “मंग चूक कोनाची मोठी? त्याची एकाची, का तुमची सहाची?”

नाना बायकोकडे वळले. द्वारकाबाई गाडीच्या पायरीवर उभ्या होत्या. “सहा हायेत,” त्या म्हणाल्या. “मी सोता त्यात होती. कौसाबाईचा हात धरून.” आणि खाली उतरून नवऱ्याच्या पुढून घराकडे चालू लागल्या.

सगळं एका दिवसात बदललं असं मी लिहिणार नाही. आत्याला पुढच्या संक्रांतीला दोनच घरांतून बोलावणं आलं, त्यातलं एक नानांचं होतं. कौसाबाईसाठी द्वारकाबाईंच्या घराची पायरी त्यानंतरही बरीच वर्षं उंचच राहिली. पण ‘सखारामचं झाड’ ही म्हण पालटली. आज आमच्या गावात ती मोठी पण खरी निघालेली गोष्ट सांगताना वापरतात. नव्या पोरांना ती म्हण पूर्वी उलटी होती हे सांगूनही पटत नाही. आणि मी शिकले. सातवीनंतर माझी शाळा बंद करायचं ठरलं होतं तेव्हा आत्या वडिलांसमोर बसली, त्या गार्डपुढे बसली होती तशीच, आणि मी बुलढाण्याला गेल्याशिवाय उठली नाही.

तेराव्यानंतर तिची खोली आवरायला मी गेले. आमच्या घरातली ती सगळ्यांत मागची खोली, पूर्वी तिथे कडबा असायचा. जंगलातून आल्यावर तिनं उत्तरेच्या भिंतीला स्वतः पहारीनं भोक पाडून खिडकी केली होती. वडील तेव्हा ओरडले होते, भिंत कच्ची आहे, घर पडेल. घर पडलं नाही. त्या खिडकीतून सातपुडा दिसत नाही, शेजारच्या गोठ्याची मागची बाजू दिसते आणि तिच्यावर हातभर आभाळ. आत्या रोज सकाळी तिथे उभी राहून चहा प्यायची. आता कुणीतरी थंडीसाठी तिच्यात गोणपाट कोंबलं होतं. मी ते ओढून काढलं. वारा सरळ आत आला, खुंटीवरचं तिचं लुगडं हललं. वडील दारात उभे होते, घोंगडी पांघरून, खूप म्हातारे दिसत होते.

“सुमे, गार वारा येते ना त्यातून,” ते म्हणाले.

“येऊ द्या,” मी म्हणाले.

ते आत आले, खिडकीसमोर तिच्या बाजेवर बसले, आणि घोंगडी खांद्यावरून काढून बाजूला ठेवली.