नर्सबाईंचा वर्ग

नर्सबाई दिसायच्या आधी ऐकू यायच्या. पायात मोटारीच्या टायरच्या वहाणा, पुरुषी मापाच्या, मुद्दाम शिवून घेतलेल्या. दवाखान्याच्या फरशीवर त्या फटाफट वाजत. बाईमाणसानं असल्या वहाणा घालाव्यात का, असं आमच्या डॉक्टरांनी एकदा हळूच सुचवून पाहिलं. बाई म्हणाल्या, "पिंपळीपासून सणसरपर्यंत एकदा चालून या, मग मला चपला सुचवा." डॉक्टरांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

मी तेव्हा बारामतीच्या त्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. ही एकोणीसशे पन्नासनंतरच्या पाचसहा वर्षांतली गोष्ट. बारामती आणि इंदापूर, दोन्ही तालुक्यांतली मिळून बावीस गावं बाईंच्या एकटीच्या गळ्यात होती. त्यांना नाव होतं, पण ते पगारपत्रकापुरतं. बाकी सगळ्यांच्या त्या नर्सबाईच. चाळिशी नुकतीच उलटली असेल, पण चेहरा कायम दोन रात्रींच्या जाग्रणाचा. खुर्चीत बसल्या की डोळे मिटून बोलत. समोरच्याला वाटे, झोपल्या. तो उठायला लागला की मिटल्या डोळ्यांनीच विचारत, "हं, पुढं?"

बावीस गावांना आपण पुरणार नाही, हे त्यांना पहिल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून त्यांनी गावोगावच्या सुइणींचा वर्ग काढला. आठ बायका, तीन आठवडे, दवाखान्याच्या मागची पडवी. वर्ग चालला चांगला, पण त्याला मान्यता नव्हती. मान्यता नाही म्हणजे दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणजे सुईणपेटी नाही. कात्री, पाती, दोरा, औषधाची बाटली, सगळं त्या पेटीत. पेटीवाचून शिकवणं म्हणजे नुसतं बोलणं, असं बाई म्हणत. तेव्हा वर्गाला मान्यता मिळवायची, असं त्यांनी मनावर घेतलं. माझं अक्षर बरं म्हणून लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं.

जिल्ह्याच्या ऑफिसला अभ्यासक्रम हवा होता. बाई डोळे मिटून सांगत, मी लिहीत असे. नमुन्यात एक सदर होतं, 'सैद्धांतिक तास'.

"सैद्धांतिक म्हणजे काय हो, कंपाउंडर?"

"म्हणजे तोंडी शिकवायचं ते."

"मग तोंडी लिहा की."

मी तोंडी लिहिलं. कागद परत आला. 'अध्यापन साहित्य' या सदरात बाईंनी सांगितलं तसं मी लिहिलं होतं : चिंध्यांची बाहुली एक, मडकं एक, पातेली दोन. त्यावर तिकडच्या कुणी लाल शाईनं प्रश्नचिन्ह काढलं होतं. पुन्हा लिहिलं, पुन्हा परत आलं. मी वैतागायचो. बाई म्हणायच्या, "कागद थांबतो हो. बाळंतीण थांबत नाही." आणि वहाणा घालून चालू लागायच्या. आठ महिने हे असं चाललं. शेवटी शेवटी टपाल आलं की मला ते फोडावंसंही वाटत नसे.

त्या आठ जणींत सणसरच्या गोदामावशी सगळ्यांत म्हाताऱ्या. वर्गात पहिल्या दिवशी त्यांनी बाईंना ऐकवलं, "नाळ मी इळ्यानं कापती अन् वर श्याण लावती. माज्या सासूनं बी त्येच केलं. तुमी काय नवं सांगनार?"

बाई चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "मावशी, सातव्या-आठव्या दिवशी आकडी येऊन किती पोरं गेली?"

"ती सटवाईची मर्जी."

"मी सटवाईचं विचारलं नाही. किती गेली?"

दुसऱ्या दिवशी उजाडता गोदामावशी पडवीत येऊन उभ्या राहिल्या. पदराखालून विळा काढला आणि म्हणाल्या, "बाई, ह्यो कुठं उकळू?"

बाईंना हसू आवरेना. मी त्यांना इतकं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग त्यांनी खरोखरच मोठ्या पातेल्यात तो विळा उकळवला. मला म्हणाल्या, "ही बाई तयार झाली की माझी पाच गावं सुटली. सणसरच्या आसपास मला कुणी बोलावतच नाही, हिलाच बोलावतात."

शेवटच्या अर्जासोबत आठही जणींची माहिती मागवली होती. नाव, गाव, वय. वय कुणालाच सांगता येईना. मग मी माझं डोकं चालवलं. मोठ्या दुष्काळात केवढी होतीस, प्लेगच्या साली लग्न झालं होतं का, मानमोडीच्या साथीत पोर कडेवर होतं का पोटात, असं एकेकीला विचारून मी हिशोब मांडला. गोदामावशी म्हणाल्या, "मोठ्या दुस्काळात मी परकर नेसून गुरं राखीत व्हते." मी बोटं मोजली आणि वळणदार अक्षरात लिहिलं : वय अंदाजे चौसष्ट. फार अचूक काम केलं असं मला वाटलं होतं. बाई त्या दिवशी निमसाखरच्या वाटेवर कुठंतरी होत्या. मी त्यांच्या वतीनं सही करून अर्ज टपालात टाकला.

मान्यता आली. मी ओरडतच बाईंकडे गेलो. त्यांनी कागद घेतला, शेवटपर्यंत वाचला आणि माझ्यापुढं धरला. दाखला व पेटी पंचावन्न वर्षांखालील स्त्रियांनाच मिळेल, अशी खाली ओळ होती. सात नावांपुढं खूण होती. आठवं नाव लाल शाईनं खोडलं होतं.

"हे वय कुणी लिहिलं?"

"मी."

बाईंनी कागदाची घडी घातली. म्हणाल्या, "अक्षर छान आहे."

पन्नास लिहिलं असतं तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्या दिवशी मला माझ्या अक्षराची लाज वाटली. ती अजून गेलेली नाही. बाईंनी पुन्हा अर्ज केला, त्याचं उत्तर आलं नाही. दोनेक महिन्यांनी त्यांची बदलीही झाली. पण त्याआधी सणसरला जाऊन गोदामावशींना सांगायचं होतं. "चला, तुम्हीही चला," बाई म्हणाल्या. मी निमूट पेटी उचलली, बाईंची स्वतःची.

दुपारच्या एसटीनं उतरलो. गोदामावशींचं घर उसाच्या कडेला, एक खण आणि पुढं ओटा. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं. मी मान खाली घालून ऐकत होतो. गोदामावशींनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"म्हंजी आता मी सुईन न्हाय व्हय?"

"आहात. कागदावर नाही."

"मग ऱ्हाऊ द्या कागूद." त्यांनी बाईंकडे नीट पाहिलं. "पर बाई, तुमचं त्वांड बगा की. कवा झोपला व्हता? हितं पडा जरा."

त्यांनी आत वाकळ अंथरली. बाई नको नको म्हणत टेकल्या, आणि बघता बघता त्यांना गाढ झोप लागली. गोदामावशी त्यांच्या तळपायांना तेल लावत बसल्या.

घटकाभरानं बांधावरून एक गडी पळत आला. वस्तीवर त्याची बायको अडली होती. कुणीतरी त्याला सांगितलं होतं, नर्सबाई गावात आल्यात. मी उठवायला आत वळलो, तर गोदामावशींनी माझा हात धरला.

"उठवू नगा तिला. ती पेटी तेवडी द्या हिकडं."

"मावशी, तुम्हाला ती वापरायला…"

"ठावं हाय मला."

मी पेटी दिली. त्या गड्याच्या मागोमाग त्या उसाआड दिसेनाशा झाल्या.

बाई जाग्या झाल्या तेव्हा उन्हं कलली होती. दचकून उठून बसल्या. "कोण आलं होतं?"

मी सांगितलं. त्यांनी कोपऱ्यात पाहिलं, तिथं पेटी नव्हती. आता बोलणी बसणार म्हणून मी खाली बघत उभा राहिलो.

"गेली ती?"

"गेल्या."

बाई पुन्हा आडव्या झाल्या, भिंतीकडे तोंड केलं आणि डोक्यावरून पदर ओढून घेतला.

"कंपाउंडर, दार लोटून घ्या," त्या म्हणाल्या. "आणि आता कुणीही आलं तरी मला उठवू नका."