श्रावणभाऊंचं 'आमचं'

नाचणगावचे श्रावणभाऊ ज्या ऑफिसची गाडी चालवत, त्या ऑफिसचेच होऊन जात. सरकारी जीप होती तेव्हा घरीही ते साहेबासारखेच बोलत. बायको कमला म्हणाली, "नळ गळून राह्यला," की यांचं उत्तर, "पाहू. उद्या आठवण करून द्या."

रिटायर झाल्यावर सूतगिरणीच्या मॅनेजरची गाडी मिळाली. शर्ट खोचला गेला, चपलांचे बूट झाले. जेवण लांबलं की म्हणत, "डिलिव्हरी लेट होऊन राह्यली."

"मंग दुसरीकडून मागवा," कमला म्हणे.

तिथून ते वर्ध्याच्या एका स्वयंसेवी संस्थेत गेले. अंगावर खादीचा झब्बा आला. वांगं की पालक, यावर घरात चर्चा, मग सहमती. सहमती होईस्तोवर कमलाने वरण उतरवलेलं असे.

मागच्या वर्षी गावच्या शाळेत स्वयंपाकाची शेड झाली. जागा सरकारी, खर्च गिरणीचा, देखरेख संस्थेची. कमला तिथेच पोरांचा पोषण आहार शिजवायची. पोळ्याच्या सुमारास पत्रे गळू लागले, म्हणून हेडमास्तरांच्या खोलीत बैठक बसली. सरकारी साहेब म्हणाले, काम गिरणीचं. मॅनेजर म्हणाले, आम्ही फक्त पैसा दिला. संस्थेच्या रुचिकाताई म्हणाल्या, आमची भूमिका समन्वयाची.

रुचिकाताईंची गाडी घेऊन आलेले श्रावणभाऊ दाराशी उभे होते. तिघांपैकी कोणीही बोललं की त्यांची मान आपोआप हलायची. रुचिकाताईंनी विचारलं, "भाऊ, तुम्ही सांगा, काम कोणाचं?"

"आमचंच," ते बोलून गेले.

"आमचं म्हणजे कोणाचं?" साहेबांनी विचारलं.

भाऊंनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. पुढचा शब्द काही सापडेना.

तेवढ्यात कमला वरणाचं मोठं पातेलं घेऊन आत आली. "शेडीत सारं पाणीच पाणी झालं," ती म्हणाली. "तुमचं चालू द्या. लेकरं इथंच जेवतीन."

मागोमाग पोरं आली आणि साहेबांच्या बुटांना खेटून पंगत बसली. मग मात्र फार वेळ लागला नाही. पत्रे गिरणी देणार, मजूर संस्था आणणार, परवानगी साहेबांनी उभ्या उभ्याच दिली.

पत्रे बसले त्या दिवशी श्रावणभाऊ स्वतःहून शिडी धरायला गेले. परतताना कमलासोबत मान खाली घालून चालत होते.

"काऊन, का झालं?" कमलानं विचारलं.

"त्या दिवशी मले बोलताच आलं नाई."

"बरं झालं," ती म्हणाली. "नाईतर बैठक अजून चालूच राह्यली असती."