नळीतलं बिऱ्हाड

लघवीची बाटली खिडकीच्या उजेडात धरायची, एक डोळा बारीक करायचा आणि म्हणायचं, "घाई न्हाय करायची." नळदुर्गच्या बस स्थानकासमोर लॅब चालवणारे काका दिवसभर हेच करत. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्यासमोर घाईतला माणूस जास्तच चिडतो. मी तर मुळातच चिडका. हायवेला पंक्चर काढत काढत टायरचं दुकान उभं केलं, ते काही गोड बोलून नव्हे.

वडिलांना लघवीची नळी बसवलेली होती. थंडी वाजून ताप यायचा, औषधानं उतरायचा, पुन्हा यायचा. शेवटी ते मला ओळखेनात. डॉक्टर म्हणाले, नळी बदलू. मी म्हणालो, "चालू हाय की! चालता टायर कुणी काढून टाकतं का?" मला तो बिल वाढवायचा डाव वाटला.

शहरातल्या मोठ्या लॅबचा रिपोर्ट आला : दोन प्रकारचे जंतू, नमुना खराब, पुन्हा पाठवा. तो कागद मी काकांच्या टेबलावर आपटला.

"दोन निघाले म्हणून खराब? हा काय न्याय झाला?"

"बसा मालक. नमुना कुठनं घेतला?"

"पिशवीतनं."

"पिशवीतली लघवी शिळी. तिच्यावरनं कळत न्हाय. पण दोन असतीलबी. जुन्या नळीत ते बिऱ्हाड करत्यात. एक चिकट थर धरतो, दुसरा त्याच्या आडोशाला बसतो. औषध आत पोचतच न्हाय. नळी बदला, मग नव्या नळीतनं नमुना आणा."

इथं घासाघीस करायला जागाच नव्हती. नळी बदलली. जुनी नळी काकांनी मागून घेतली, हातमोजे घालून ब्लेडनं उभी चिरली. आत शेवाळासारखा बुळबुळीत थर आणि त्यावर वाळूसारखे खरखरीत क्षार.

"एकानं लघवी बिघडवली की हे क्षार साचत्यात," काका म्हणाले. "मग दोघांचंबी घर पक्कं."

हे मी दोन महिने वडिलांच्या अंगात राहू दिलं होतं. काकांनी चहा मागवला. "टायर तरी आतनं बघता का न्हाय?" एवढंच म्हणाले.

नव्या नमुन्यातही ते दोघे निघाले. दोघांनाही लागू पडणारी औषधं काकांनी रिपोर्टात लिहिली. आठवड्याभरात वडील डोळे उघडून म्हणाले, "दुकान सोडून हितं काय करतोस रं?" मी बाहेर जाऊन रडलो.

मागच्या वर्षी काका आजारी पडले. मुलानं हैदराबादला नेलं आणि ते तिकडंच गेले. मला कळलं तेराव्यानंतर. मी त्यांच्या घरी गेलो, तो भांडायलाच.

"काकू, एक फोन करता आला न्हाय? माझी गाडी दारात उभी असती!"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "म्या म्हणलं हुतं, त्याला बोलवू. हे म्हणाले, नको. त्यो आला की दवाखान्यात भांडत बसंल."

भांडलोच असतो. वॉर्डबॉयपासून मोठ्या डॉक्टरपर्यंत एकालाही सोडलं नसतं. माझ्या वडिलांसाठी त्यांनी एवढं केलं, आणि मला त्यांच्यासाठी साधं भांडूही दिलं नाही.