मोटरबोटीचा जादा पंखा

भीमेवरच्या मोटरबोटीच्या पंख्याची फिर्याद मी अजून विसरलेलो नाही. सत्तरच्या दशकात मी शिरूरला फौजदार होतो. नदीच्या अलीकडे शिरूर तालुका, पलीकडे दौंड. मधे एक छोटी मोटरबोट माणसं, सायकली, पोती ने-आण करायची. पाणी उतरलं की खडकाला लागून पंख्याची पाती मोडायची, म्हणून मालकाने पुण्याहून एक जादा पंखा आणून ठेवला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काठावरच्या शेडमध्ये तो सापडेना.

फिर्याद लिहून होते न होते तोच आमचा खबऱ्या आला. "साहेब, बोट चालवणारा चाचाच. ह्यो पंखा नदीत टाका, आसं चार लोकांत बोलला व्हता."

पंखा निवडतानाच दोघांचं वाजलं होतं. मालकाला वेग हवा, म्हणून त्याने जास्त पिळाच्या पात्यांचा घेतला. चाचाचं म्हणणं, भरल्या बोटीला कमी पिळाचाच पाहिजे. आता मालकाने चोर म्हणून त्याला कामावरून काढलं होतं, आणि घर त्याच्या एकट्याच्या मजुरीवर चालायचं.

ठाण्यात बसवून मी विचारलं, "चाचा, बोलला होतात का?"

"व्हय. आजबी म्हनतो. पर टाकायचा आसता तर मालकाच्या समोर टाकला आसता. चोरून कशाला टाकू?"

चोर आधी कानांवर हात ठेवतो. हा गडी बोललेलं अंगावर घेत होता. हवालदार कानाशी लागला, "साहेब, जरा दम देऊ का?" मी म्हटलं, "तू चहा सांग."

पंचनाम्याला शेडमध्ये गेलो. कुलूप शाबूत, पान्यांना मात्र हळद-कुंकू लागलेलं. मी मालकाला विचारलं, "खंडेनवमीला पंखाही पुजला होता?"

"व्हय, घरात घटासमोर. मग समदी अवजारं मीच हितं आणली."

"त्यात पंखा होता?"

मालकाने पाने एकेक करून मोजले. "न्हाई साहेब. पंखा आणल्याचं काय आठवत न्हाई."

"पूजा कुणी उचलली?"

"आईनं."

म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं. "घटाची माती, फुलं, समदं टोपलीत भरलं आन् नदीला सोडलं, बाबा. जड लागलं, पर माती जडच की."

म्हातारीने जागा दाखवली, आणि चाचानेच बुडी मारून पंखा काढला. झेंडूची माळ अजून अडकलेली होती. तिथेच मोटरीला बसवला, बोट माणसांनी भरली. सुरेख चालली. दौंडच्या काठाला मालक खाली मान घालून म्हणाला, "चाचा, उद्यापासनं या कामावर."

"पंख्याबद्दल माझं चुकलं, मालक. चांगला हाय," चाचा म्हणाला. "माझ्याबद्दल तुमचं चुकलं." चपला पायात घातल्या आणि घरची वाट धरली.

मालक नंतर त्याच्या घरी जाऊन विनवून आला. चाचा आला नाही. मला फार वाईट वाटलं. फिर्याद मागे घेता येते, मुद्देमाल परत देता येतो. पण चोर म्हणून हाकललेला माणूस बोलावला म्हणून परत येत नाही, हे मी त्या काठावर शिकलो.