पापनाशमच्या छपरावर पडलेलं तीर्थ

"अग सीतू, छप्पर फुगूलालं! पापनाशमाचं छप्पर फुगूलालं, आणि तू उगेच उभी राहून पाहूलालीस?"

"फुगूंदे. पूजेत बसलेल्यास हात लावूं नका."

"पाणी कोणी शिंपडलं तेच्यावर?"

"म्यांच शिंपडलं. अस्क्या बाहुल्यांस शिंपडलं, तेस पण शिंपडलं. पापनाशमास पाऊस पडत नाही काय?"

"त्या खऱ्या स्टेशनास मंगळुरी कौलं आहेत! ह्यास लोकांच्या लग्नाच्या पत्रिका आहेत!"

सरस्वतीपूजेचा दिवस, सकाळचे अकरा. तंजावुरातल्या मेलवीधीच्या बोळात सेतुमाधव राव धोतराचा सोगा धरून कोलूपुढं उभे होते. कोलू म्हणजे नवरात्रात बाहुल्या मांडायच्या पायऱ्या. वरच्या पायऱ्यांवर देव, मधल्यांवर लग्नातली नवरानवरी नि पोटसुटा वाणी, आणि सगळ्यांच्या पायाशी, जमिनीवर, पापनाशम स्टेशन. मीटरगेजच्या काळातलं, सत्त्याऐंशी पटीनं लहान केलेलं, तीन वर्षं खपून बांधलेलं. आता त्याच्या छपरावरून तांबडा ओघळ निघाला होता. कौलं जुन्या लग्नपत्रिकांतून कापलेली; कुणाच्या तरी पत्रिकेचा रंग असावा.

सेतुमाधवरावांनी जन्मभर कालवेखात्यात नकाशे काढले. कावेरीच्या फाट्याफाट्याला पाणी सोडायच्या दारांचे नकाशे. चाळीस वर्षं दारंच दारं. तरणेपणी रेल्वेची परीक्षा दोनदा दिली, रेल्वेनं दोनदा नको म्हटलं. तिसऱ्यांदा कोण जातंय? निवृत्त झाल्यावर मात्र माणसानं रेल्वेच घरी आणून बसवली.

आणि बसवली ती सरकारी शिस्तीनं. कामाच्या टेबलावर मसाल्याचे अकरा डबे. डब्यात सात वाट्या, वाटीवर तमिळ चिठ्ठी: कारण घरात मराठी बोलायला सगळे वाघ, पण देवनागरी पाहिली की शेळ्या. दारं, खिडक्या, कौलं, कंदील, कबुतरं. 'पाय नसलेले प्रवासी' एक वाटी, 'प्रवासी नसलेले पाय' दुसरी. कुठला चिमटा कुठं राहील याचाही नकाशा भिंतीला डकवलेला, खाली रावांची सही आणि त्या सहीला मंजुरी म्हणून पुन्हा रावांचीच सही. चिमटा दोन बोटं सरकवायचा तर ते आधी अर्ज लिहीत. अर्ज कधीकधी नामंजूरही करत.

पण त्या दिवशी ह्या टेबलाला कुणी विचारत नव्हतं. सरस्वतीपूजेच्या दिवशीच आयुधपूजा: ज्या हत्यारानं पोट चालतं ते देवापुढं ठेवायचं, त्याला गंधकुंकू लावायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पूजा होईतो त्याला शिवायचं नाही. रावांच्या बायकोनं, सीतालक्ष्मीबाईंनी, नियम पाळला तो मुळासकट. चिमटे, सुऱ्या, करवत, डिंकाची बाटली, सगळ्यांना कुंकू. विळी, कात्री, इस्त्री, शिलाईचं मशीन, त्यांनाही. स्टेशनमास्तराच्या टीचभरही नसलेल्या कपाळाला टाचणीच्या टोकानं टिळा. टीव्हीच्या रिमोटला टिळा. रावांनी तोंड धुवायला काढून ठेवलेल्या खालच्या कवळीलासुद्धा टिळा.

"दात आयुध नव्हे ग," राव बोळक्यानं म्हणाले होते.

"चावायचं आयुध नव्हे तर काय? आज वडा ताकात भिजवून खा."

इथवर रावांनी सोसलं. दात काय, उद्या मिळतील. पण छप्पर उद्यावर टाकता येत नव्हतं. तिरुच्चीची, असल्या छोट्या रेल्वे बांधणाऱ्या हौशी लोकांची मंडळी उद्यापासून प्रदर्शन मांडणार होती. त्यांच्यातला मुरली चार वाजता गाडी घेऊन येणार होता, पुन्हा येणार नव्हता. गेल्या साली रावांनी केलेली इंजिनाची पाण्याची टाकी त्यांनी खेळणं म्हणून टेबलाखाली ठेवली होती. तिथं लोकांनी पिशव्या ठेवल्या. ह्या साली पहिल्या टेबलाचा शब्द दिला होता, स्टेशन धड आलं तर. धड!

"सीतू, एक चिमटा दे. तीन तासांत कौलं लावीन."

"देवीपुढचं उचलून? तुम्हास वेड लागूलालं काय?"

तेवढ्यात रघुपती राव आले. बोळाच्या तोंडाशी राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. त्यांनी आधी सुंडल, म्हणजे नैवेद्याची हरभऱ्याची उसळ, खाल्लं, मग छप्पर पाहिलं.

"काय रे सेतू, पापनाशमास पूर आला की काय?"

"तीर्थाचा. चेष्टा नको, युक्ती सांग."

तिघांनी घर धुंडाळलं. बिनकुंकवाचं हत्यार कुठं मिळेना. दात कोरायची काडी मिळाली. रघुपती ती उजेडात धरून म्हणाले, "हिच्यावर कुंकू नाही."

"थांबा, विसरलंच," म्हणत बाईंनी तिलाही लावलं.

भाताची चिकट खळ करून नुसत्या बोटांनी लावायचं ठरलं. भात आयुध नाही, बोटं आयुध नाहीत, यावर बाईही कबूल झाल्या. रावांनी डब्यातलं पहिलं कौल लावलं, ते अंगठ्याला चिकटून आलं. दुसरं लावलं, तेही अंगठ्याला. छप्पर राहिलं बाजूला, अंगठ्यालाच कौलं चढली. दोन वाजून गेले.

रघुपती भुईवर बसून टेबलाखाली पाहत होते. "सेतू, हे टेबल कुठचं?"

"बाळंतिणींच्या दवाखान्यातलं जुनं. भंगारातून आणलेलं."

"ह्यास चाकं आहेत."

"मग?"

"वहिनी, तुम्हीच सांगा. विळी पूजेत बसली की बसली. पण गाडी? आयुधपूजेदिवशी आम्ही इंजिनास केळीचा खांब बांधायचो, कोहळा फोडायचो, चाकाखाली लिंबू ठेवायचो, आणि शिट्टी मारून निघायचो. वेळेवर. देवीनं कधी मेमो दिला नाही. लिंबू चिरडलं की गाडी मोकळी."

बाई विचारात पडल्या. त्यांच्या भावाची लॉरी होती; लॉरी पूजा झाल्याझाल्या कुंभकोणमला जायची, हे त्यांना ठाऊक होतं.

"गाडी मोकळी. पण वरची हत्यारं?"

"गाडीत बसलेलं अस्कं गाडीबरोबर जातं. पाशिंजर उतरवून इंजिन सोडूलालों काय आम्ही?"

तीस वर्षं गार्ड राहिलेल्याचा शब्द चालला. बाईंनी चार लिंबं आणली. हत्यारं चढवली, चार चाकांखाली चार लिंबं, दांड्याला झेंडूची माळ. कापूर ओवाळला. रघुपतींनी तोंडानं शिट्टी दिली आणि रावांनी ढकललं.

तीन लिंबं बेताबेतानं चिरडली. चौथं होतं निबर. ते पिचकलं नाही, निसटलं. त्या धक्क्यानं टेबल वळलं, उंबऱ्यावरून उडालं, स्कूटर चढवायच्या उतारावर आलं आणि माळ हलवत बोळात निघून गेलं. राव मागं, त्यांच्या मागं बाई, आणि सगळ्यांच्या मागं रघुपती, "सिग्नल नाही! सिग्नल नाही!" ओरडत. समोर केळीचे खांब बांधलेली ऑटो उभी होती. टेबल तिच्या चाकावर धडकून थांबलं. अकराच्या अकरा डब्यांची झाकणं उघडली आणि सत्त्याहत्तर वाट्यांतला माल दारातल्या रांगोळीवर सांडला.

ऑटोवाल्यानं सीटवरनं मान उचलली. "पूजा झाली का?" त्यानं तमिळमध्ये विचारलं.

"झाली."

"मग बरं," म्हणून तो परत झोपला.

राव रस्त्यावरच बसले. रांगोळीतून चिमटा शोधला, कुंकू तसंच राहू दिलं, आणि म्हणाले, "स्टेशन हिकडे आणा. तीन वाजले."

"स्टेशन पण गाडीचंच," म्हणत बाईंनी स्वतः ते उचलून आणलं आणि रावांच्या डोक्यावर छत्री धरली. रघुपती कौलं वेचून देत होते. त्यांतली निम्मी कौलं नसून रांगोळीचे खडे निघत. राव भिजलेली ओळ खरवडत, कोरडी ओळ बसवत. जाणारे येणारे वाकून पाहत. एका म्हातारीनं ही नवीन पूजा समजून दोन फुलं टाकली.

चारला मुरली आला. तमिळ तरुण, नीट इस्त्रीचा शर्ट. त्यानं स्टेशनभोवती एक फेरी मारली.

"सर, मागच्या बाजूला दोन ओळी उघड्या आहेत."

"आहेत."

"आणि स्टेशनमास्तरला कुंकू."

"तेवढं उद्या सकाळपर्यंत पुसूं नये," बाई तमिळमध्ये ठासून म्हणाल्या.

मुरलीनं मान खाजवली. "पहिलं टेबल देतो. पण ही बाजू भिंतीकडं. आणि टेबल भिंतीला चिकटवून."

"चिकटव," राव म्हणाले. "अर्धं छप्पर दिसलं तरी टेबलावरनं दिसेल."

स्टेशन घेऊन गाडी गेली. रघुपती उरलेलं सुंडल खायला आत शिरले. बाई म्हणाल्या, कॉफी ठेवते, आता उठा, उजेड आहे तोवर अंग धुवून घ्या. राव उठले नाहीत. त्यांनी एक रिकामी वाटी जवळ ओढली, चष्मा नाकावर सारला, रांगोळीतून एक कबूतर चिमट्यानं उचललं, फुंकर मारली, उलटसुलट पाहिलं. कबूतरच होतं. वाटीत टाकलं आणि दुसरं शोधायला वाकले.