पिक्चर सरू दे

घोड्यावर बिऱ्हाड लादून झालेलं असायचं. मेंढरं रस्त्याला लागायला उतावीळ, कुत्री त्यांच्याभोवती गोल फिरतायत, आणि मी मात्र चुलतीच्या घरात टीव्हीसमोर. दारातून अण्णांचा आवाज यायचा, "तिचा पिक्चर सरू दे, मंग निगू."

दर दिवाळीच्या पाडव्याला आई आणि अण्णा मेंढरं घेऊन निरगुडसरहून कोकणाकडं निघायचे, ते पावसाच्या तोंडावर परत यायचे. शाळेसाठी मी चुलतीकडं. त्या दुपारी टीव्हीवर दरवर्षी तोच सिनेमा असायचा, जत्रेत हरवलेल्या मुलीचा. बाप तिला गावोगाव शोधतो आणि शेवटी ती नदीच्या पुलावर सापडते.

जाहिराती लागल्या की बाकीची पोरं कावायची. मला त्या हव्या असायच्या, साबणाच्या, रंगाच्या, कुठल्याही. तेवढा वेळ आई अजून गावात आहे, एवढंच मला कळायचं. पुलावरचा प्रसंग आला की मी हुंदके द्यायची. आई हसायची, "ती गावली की गं तिच्या बापाला! मंग तू का रडतीस?"

आता मी पुण्यात शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. एकदा होस्टेलवर तो सिनेमा मोबाईलवर लावला. मधे एकही जाहिरात नाही. पटकन संपला. रूममेट म्हणाली, "ठीक आहे." मीही मान हलवली. छातीत काहीच झालं नाही, याचंच नंतर वाईट वाटत राहिलं.

यंदा दिवाळीला घरी गेले, तर अण्णांनी समोर बसवलं. "समद्या मेंढरांना गिऱ्हाईक आलंय. तुझं शिक्षान सरत आलं. आईचं गुडघं लई दुखत्यात. तू नोकरीचं म्हनलीस, तर इकून टाकतो. तू म्हन फक्त."

लहानपणभर मला दुसरं काय हवं होतं? तरी 'विका' म्हणवेना. कॉलेजात आलेल्या कंपनीच्या मुलाखतीत मी पहिल्याच फेरीत बाहेर पडले होते. कळप एकदा गेला की पुन्हा उभा राहत नाही. आणि नको म्हणावं, तर आईनं परत माळशेज घाट चालत उतरायचा. तुमच्यापैकी जे शिकायला बाहेर पडलेत, त्यांनाही घरच्यांनी असं काही विचारलं असेल. तुम्ही काय सांगितलंत, मला खरंच जाणून घ्यायचंय.

पाडव्याला सिनेमा लागला. या खेपेला अण्णा आत येऊन माझ्या शेजारी बसले. पुलावरचा प्रसंग आला आणि छातीत तेच जुनं, घट्ट काहीतरी दाटलं. पडद्याकडं बघतच त्यांनी विचारलं, "मंग?"

"अण्णा, यंदा जा तुमी."

"बरं." रागावले नाहीत. उठून पटका बांधला. बाहेरून आई ओरडली, "कालेजवाल्या बाई, झालं का न्हाई तुमचं?"

मी वेशीपर्यंत गेले. आई एक पाय जपून टाकत होती, आणि मी बघतेय हे कळल्यावर भराभर चालायला लागली.

पूर्वी वाटायचं, ती दोघं जिथं थांबतात ते घर. आता त्यांचं थांबणं माझ्या एका शब्दावर आहे, आणि तो शब्द न बोलता मी होस्टेलवर परत आले आहे.